दोष कुणाचा, वाटा कुणाचा

अनुवंशशास्त्र आपल्या मुलांना हायस्कुलात पहिल्यांदा भेटते, असे अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना वाटत असावे. खरे तर ते त्यांना पाळण्यात असतानाच भेटलेले असते. बारशाला जमलेल्या बायका बाळाचे नाक कुणाचे, कपाळ कुणाचे, रंग कुणाचा, याची वाटणी करून मोकळ्या होतात. पुढे मूल हट्टाला पेटले की 'आजोबांवर गेलंय', गणितात अडखळले की 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार', आणि नाव काढले की 'खाण तशी माती'. आमच्या सीमाभागात तर हे घरगुती शास्त्र दोन भाषांतून शिकवले जाते. शेजारची कन्नड आजी म्हणते, 'नूलिनंते सीरे, तायियंते मगळु'. सूत तशी साडी, आई तशी मुलगी. शहापूर-वडगावच्या मागांची खटखट ऐकत वाढलेल्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही.

म्हणजे शाळेतला पाठ कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. पाटीवर आधीच पुष्कळ लिहिलेले असते, आणि त्यातले बरेचसे कुणाला तरी दोषी ठरवणारे असते. म्हणूनच मला वाटते की अनुवंशिकतेचा आणि पेशीविभाजनाचा पाठ हा वरवर विज्ञानाचा असला तरी आतून नीतीचा पाठ आहे. माणसाला जे जन्माने मिळते त्याचे श्रेय कुणी घ्यावे आणि त्याचा दोष कुणाच्या माथी मारावा, हा प्रश्न त्यात दडलेला असतो. मुलांना तो बरोबर सापडतो. आपल्यालाच तो ऐकू येत नाही.

माझा स्वतःचा विषय तत्त्वज्ञान; एम.ए. त्यातच केले. जीवशास्त्र मी शिकवत नाही. पण मुख्याध्यापकाला पाठनिरीक्षण करावे लागते, आणि वर्षानुवर्षे शेवटच्या बाकावर बसून मी हा पाठ ऐकत आलो आहे. निरीक्षणाच्या वहीत फलकलेखन, शैक्षणिक साधने, विद्यार्थ्यांचा सहभाग असे रकाने असतात. मुलांनी विचारलेल्या प्रश्नांसाठी रकाना नसतो. ते प्रश्न वहीबाहेर राहिले, आणि त्यांनी मला जे शिकवले ते येथे मांडावे असे वाटते.

आधी पाठातली वस्तू नीट पाहू. कांदा पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर ठेवला की चार-पाच दिवसांत त्याला पांढरी मुळे फुटतात. मुळाचे टोक कापून, सौम्य आम्लात मऊ करून, लाल रंग देऊन काचपट्टीवर दाबले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की विभाजन चाललेल्या पेशी दिसतात. एखादीत धाग्यांचा गुंता, एखादीत ते धागे मधोमध रांगेत उभे, एखादीत दोन टोकांना ओढले गेलेले. कांद्याच्या पेशीत हे धागे सोळा, माणसाच्या पेशीत शेहेचाळीस. माणसाचा हा आकडा नक्की झाला तो 1956 साली. तोवर जाणती माणसेसुद्धा अठ्ठेचाळीस मोजत होती. धाग्यांच्या या विभाजनाचा तपशीलवार अभ्यास जर्मनीच्या वाल्थर फ्लेमिंग यांनी 1882 मध्ये ग्रंथरूपाने मांडला.

या धाग्यांना आपण मराठीत गुणसूत्र म्हणतो. आमची मुले कन्नड माध्यमातल्या मित्राबरोबर अभ्यासाला बसली की पेशीचा जीवकोश होतो आणि गुणसूत्राचा वर्णतंतू. मला ही दोन्ही नावे विचार करायला लावतात. मुलाला 'गुण' म्हटले की परीक्षेतले गुण आठवतात, नाही तर सद्गुण. आणि 'वर्ण' म्हटले की आपल्या समाजात काय आठवते ते सांगायला नको. वास्तविक वर्णतंतूतला वर्ण म्हणजे निव्वळ रंग. हे धागे रंग चटकन शोषून घेतात म्हणून 1888 साली वाल्डेयर यांनी त्यांना ग्रीक भाषेतून 'रंगीत देह' अशा अर्थाचे नाव दिले. आणि गुणसूत्रातला गुण म्हणजे नुसता गुणधर्म. बरे-वाईट त्यात काही नाही. निसर्गाच्या वहीत गुण आणि अवगुण असे दोन रकाने नाहीत. ते आपण आखतो.

पेशीविभाजन दोन प्रकारचे. सूत्री विभाजनात एका पेशीच्या दोन होतात आणि दोघींना पूर्ण संच मिळतो. खरचटलेला गुडघा भरून येतो तो याच विभाजनाने. ही झाली नक्कल. दुसरे अर्धगुणसूत्री विभाजन. ते फक्त स्त्रीबीज आणि शुक्रपेशी तयार होताना होते. तेथे शेहेचाळीसचे तेवीस होतात. प्रत्येक जोडीतला एकच धागा पुढे जातो. कोणता जाईल, आपल्या वडिलांकडून आलेला की आईकडून आलेला, हे ठरवणारा कुणी नाही. शिवाय जोडीतले धागे वेगळे होण्याआधी एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. ती अदलाबदल बाजूला ठेवली तरी नुसत्या निवडीतून एका माणसाच्या बीजपेशी 83,88,608 प्रकारच्या होऊ शकतात. आई आणि बाप यांचा गुणाकार केला तर आकडा सत्तर लाख कोटींच्या वर जातो. एवढ्या शक्यतांतून एक जन्माला येते, आणि आपण म्हणतो, अगदी बापाची नक्कल!

येथे एक गोष्ट मुलांच्या चटकन लक्षात येते आणि मोठ्यांच्या येत नाही. आई-बाप मुलाला स्वतःचे सगळे देत नाहीत. दोघेही अर्धेच देतात, आणि ते अर्धे निवडण्याचा अधिकार त्यांना नसतो. जमिनीची वाटणी करताना भाऊबंद बांध मोजून घेतात, तलाठ्याच्या चकरा मारतात. या वाटणीला मात्र ना वाटणारा जागा असतो, ना घेणारा.

जेथे कुणी निवड केलेली नाही तेथे दोष कसा लावायचा? नीतिशास्त्राचा हा अगदी पहिला धडा. ज्या कृत्यात माझी इच्छा नाही, ज्ञान नाही, पर्याय नाही, त्याचा मी अपराधी नव्हे. हे पुस्तकात वाचून कुणीही मान हलवतो. वर्गात आणि घरात ते किती अवघड जाते, ते मला एका मुलीमुळे कळले.

तिला तीन बहिणी. भाऊ नाही. पाठ लिंगनिश्चितीचा होता. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्र येते, बापाकडून एक्स किंवा वाय. एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधक बाईंनी 1905 मध्ये पिठातल्या किड्यांवर काम करून हे दाखवून दिले. मुलीने तास संपेपर्यंत वहीत मान घातली होती. संपल्यावर तिने एवढेच विचारले, "सर, म्हणजे आईचं काहीच नाही ना?" शिक्षक म्हणाले, "काहीच नाही." तिचा चेहरा उजळला. मला वाटले, एक पाठ सार्थकी लागला.

पंधरा दिवसांनी तिची आई दाखल्याच्या कामासाठी शाळेत आली. काम झाल्यावर उंबऱ्यात थांबून म्हणाली, "पोरीनं घरात सगळं सांगितलं ओ, सर. आता सासूबाई मला बोलत न्हाईत. ह्यांना बोलतात. तेवढाच फरक."

ती हसून बोलली होती, पण मला ते वाक्य पुष्कळ दिवस पुरले. शास्त्राने शिवीचा पत्ता बदलला होता. शिवी तशीच राहिली होती. बाप तरी काय करणार? त्याच्या शुक्रपेशींपैकी सुमारे निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. त्यातली कोणती पोचावी यावर त्याची सत्ता शून्य. आईला निर्दोष सोडवण्यासाठी जर आपण बापाला पिंजऱ्यात उभे करणार असू, तर आपण जीवशास्त्र शिकलो, पण न्याय शिकलो नाही. आणि त्याहून खोल गोष्ट अशी, की 'दोष' हा शब्द उच्चारतानाच आपण मुलगी ही तूट आहे असे गृहीत धरलेले असते. मुलगा झाला तेव्हा दोष कुणाचा असे कुणी विचारत नाही. नुकसान मानले म्हणून गुन्हेगार शोधायचा. नुकसानच नसेल तर खटला कसला?

नुसत्या माहितीने शहाणपण येत नाही, याचा पुरावा आपल्याच देशाने दिला आहे. गर्भजल तपासून आणि पुढे सोनोग्राफी करून लिंग ओळखता येऊ लागल्यावर जे घडले ते अडाणी आजीने घडवले नाही. ते एक्स-वाय पाठ असलेल्या सुशिक्षितांनी घडवले. महाराष्ट्राने 1988 मध्ये, इतर राज्यांच्या आधी, त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 चा. तो 1996 पासून लागू झाला. तरीही देशात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 1991 च्या जनगणनेत 945 होती ती 2001 मध्ये 927 झाली. आजीला दोष कुणाचा हे ठाऊक नव्हते. नातवाला ते ठाऊक होते. त्याने गर्भालाच शिक्षा केली.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. तो विचारणारा मुलगा शांत, हुशार. त्याचा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. आई-वडील मामा-भाची. आपल्या भागात यात नवल नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात मामाशी किंवा मामाच्या मुलाशी लग्न लावण्याची रीत जुनी आहे. घरची मुलगी घरातच राहते, जमीन फुटत नाही, सासू ही आजीच असते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने जवळच्या नात्यातले विवाह मना केले, पण जेथे रूढी आहे तेथे सवलत ठेवली.

शिक्षक अप्रभावी जनुकांविषयी सांगत होते. मेंडेलने वाटाण्याच्या गोल आणि सुरकुतलेल्या बियांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सुरकुतलेले बी एकही दिसले नाही. दुसऱ्या पिढीत मात्र 5,474 गोल आणि 1,850 सुरकुतलेली बियाणी मिळाली. जवळजवळ तीनास एक. नाहीसे झाले असे वाटलेले लक्षण नुसते झाकलेले होते. माणसातही असेच. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण काही सदोष जनुके झाकलेली वाहतो. जोडीतले दुसरे जनुक ठीक असल्याने आपल्याला पत्ताही लागत नाही. जोडीदाराकडेही तेच सदोष जनुक असेल तर दर खेपेला चारात एक शक्यता ही, की दोन्ही सदोष प्रती एकाच मुलाकडे जातील. नाते जवळचे असले की दोघांकडे तीच प्रत असण्याचा संभव वाढतो, कारण ती एकाच आजी-आजोबांकडून आलेली असते. मामा आणि भाची यांचे सरासरी चौथा हिस्सा जनुकीय द्रव्य सामाईक असते, आते-मामे भावंडांचे आठवा हिस्सा.

मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "मग चूक कुणाची ओ, सर?" वर्ग गप्प. शिक्षकांनी हातातला खडू पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

शिक्षकांनी उत्तर दिले ते मला आजही योग्य वाटते. ते म्हणाले, "चूक कुणाची नाही. नात्याबाहेर लग्न केलेल्यांनाही असे मूल होते, आणि नात्यातल्या बहुतेकांची मुले धडधाकट असतात. फक्त शक्यता वाढते." हे शास्त्राला धरून होते. सर्वसाधारण जोडप्यांच्या शंभर बाळांत दोन-तीन जन्मजात व्यंग घेऊन येतात. आते-मामे भावंडांच्या विवाहात हा आकडा साधारण दुपटीपर्यंत जातो, मामा-भाचीच्या विवाहात धोका त्याहून वाढतो. धोका खोटा नाही, पण तो शापही नाही.

तरी मुलाचे समाधान झाले नव्हते. तो नंतर माझ्या खोलीत आला. त्याच्या बहिणीचे मामाच्या मुलाशी ठरत होते. "घरी सांगू काय?" एवढाच त्याचा प्रश्न होता. सांगितले तर आई-वडिलांच्या लग्नावर आणि भावाच्या बहिरेपणावर बोट ठेवल्यासारखे होणार. न सांगितले तर ठाऊक असून गप्प बसलो असे होणार.

या ठिकाणी मला दोन शब्द वेगळे करणे भाग पडले, आणि या लेखाचे सार म्हणाल तर ते हेच. दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे. त्याच्या आई-वडिलांनी रीत पाळली. त्यांना कुणी सांगितले नव्हते, विचारायची जागा नव्हती. त्यांना दोष नाही, कणभरही नाही. पण ज्ञान घरात आल्यावर घर पूर्वीसारखे राहत नाही. कालपर्यंत जे अज्ञान होते ते आजपासून निवड झाले. जे आपल्याला ठाऊक नव्हते त्याबद्दल आपण अपराधी नसतो. जे ठाऊक झाले त्याबद्दल आपण उत्तरदायी असतो. मी त्याला म्हणालो, "जरूर सांग. पण 'तुम्ही चुकलात' असं नको. 'आता आपल्याला हे कळलंय, डॉक्टरांना विचारू या' असं सांग." वैद्यकीय महाविद्यालयांतून याविषयी सल्ला मिळतो, रक्ताच्या तपासण्या होतात. नाते मोडायचे की नाही हे वर्गातल्या शिक्षकाने किंवा माझ्यासारख्याने ठरवायचे नसते. त्या घरात पुढे काय ठरले ते लिहिण्याचा अधिकारही मला नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जन्माने आलेल्याचा दोष नाही असे म्हटले तर माणूस कशालाच जबाबदार राहणार नाही. मारामारी करणाऱ्या मुलाच्या आईला शाळेत बोलावले की ती म्हणते, "बापाचं रक्त आहे ओ, काय करू?" मग त्या मुलालाही निर्दोष सोडायचे काय?

याचे उत्तर पुन्हा पेशीतच सापडते. जनुक प्रथिन कसे घडवावे हे सांगते. थप्पड कशी मारावी हे सांगणारे जनुक नाही. प्रथिनापासून स्वभावापर्यंत आणि स्वभावापासून उगारलेल्या हातापर्यंत फार लांबचा रस्ता आहे, आणि त्यावर घर, गल्ली, शाळा, भूक, सोबत अशी कितीतरी ठाणी आहेत. आपल्या डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुकांचा संच एकच असतो. कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटलेले ठेवायचे हे पेशी कुठे आहे, तिच्याभोवती काय आहे, यावरही ठरते. एकसारख्या जुळ्यांचे जनुक सारखे असून बोटांचे ठसे वेगळे निघतात. तापट वृत्ती वाट्याला आली असेल, मान्य. पण हात उचलण्याआधी एक क्षण असतो, आणि तो क्षण कुणी वारशात दिलेला नसतो. त्याला तो क्षण दाखवून देणे हेच तर शाळेचे काम.

हा तोल सुटला की काय होते ते विसाव्या शतकाने दोन्ही अंगांनी पाहिले. इंग्लंडच्या गॉल्टन यांनी 1883 मध्ये सुप्रजननाचा विचार शब्दबद्ध केला. बीज सुधारा म्हणजे समाज सुधारेल. जर्मनीत त्याचा शेवट 1933 च्या सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या कायद्यात आणि पुढच्या संहारात झाला. आपल्या इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये शिकत होत्या, त्या नेमक्या वंशश्रेष्ठतेचा पुरस्कार करणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. कवट्यांची डावी-उजवी बाजू मोजून गोऱ्यांचे वेगळेपण सिद्ध होईल अशी गुरूंची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा तसा काही संबंध दिसत नाही असे आपल्या प्रबंधात मांडले. परदेशात, एकटीने, गुरूंच्या मताविरुद्ध. उलट टोकाला सोव्हिएत रशियात लायसेंको यांनी बीजाचे महत्त्वच नाकारले. परिस्थिती बदलली की पीक बदलते, असा त्यांचा आग्रह. 1948 मध्ये तेथे मेंडेलचे शास्त्र सरकारी हुकुमाने हद्दपार झाले. वाव्हिलोव्ह यांच्यासारखा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ त्याआधीच, 1943 मध्ये, तुरुंगात मेला होता. सगळे बीजात आहे म्हणणाऱ्यांनी माणसे मारली आणि बीजात काही नाही म्हणणाऱ्यांनीही मारली.

आपल्या वर्गांत इतके भयानक काही घडत नाही. पण लहान प्रमाणात तीच चूक घडू शकते. कानाची पाळी सुटी की चिकटलेली, जिभेची पन्हळ करता येते की नाही, याचा घरच्या माणसांचा तक्ता करून आणा, असा गृहपाठ अनेक ठिकाणी देतात. कृती गमतीची आहे. पण वर्गात एखादे दत्तक मूल असते आणि त्याला ते सांगितलेले नसते. एखाद्याचा तक्ता पुस्तकातल्या नियमात बसत नाही आणि ते मूल रात्रभर नको ते तर्क करीत राहते. आणि ते तर्क शास्त्राच्या कसोटीलाही उतरत नाहीत. जिभेची पन्हळ एका जनुकावर अवलंबून आहे असे स्टर्टव्हँट यांनी 1940 मध्ये सुचवले होते; पुढे एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमते आणि दुसऱ्याला नाही असे दिसले, आणि त्यांनी स्वतःच ते मत सोडले. कानाच्या पाळीमागे डझनावारी जनुके असल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवले. आमच्या शाळेत म्हणून हे तक्ते वाटाण्यावर आणि गुलबक्षीवर करतात. गुलबक्षीच्या रोपट्याला कुळाची लाज नसते.

दोष नाही म्हटले की बहुतेक मंडळी सुखावतात. पण हिशेब पुरा करायचा तर श्रेयही सोडावे लागते, आणि ते जड जाते. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाचा बाप 'आमच्या घराण्यातच आहे' म्हणतो. ज्या अर्ध्या वाट्याच्या निवडीत आपला हात नव्हता त्याचा अभिमान कसला? पहाटे उठून मुलाला चहा करून देणारी आई, उसने पुस्तक आणून देणारा मित्र, तीनदा समजावून सांगणारे शिक्षक यांचे श्रेय खरे, कारण ते त्यांनी आपणहून दिले. 'ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये' असे आपले पूर्वज म्हणून गेले ते बहुधा कूळ वाईट निघेल या भीतीने. मी त्यात भर घालीन. चांगले निघाले तरी उपयोग नाही. ते आपले कर्तृत्व नव्हे.

आता शेवटचा प्रश्न, तो सीमाभागातच निघू शकतो. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, "सर, मराठी गुणसूत्रात असते काय?" वर्ग हसला. मी हसू शकलो नाही, कारण 'मराठी आमच्या रक्तात आहे' हे वाक्य मी कितीतरी सभांतून ऐकले आहे. प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. बोलण्याची शक्ती माणसाला जन्माने मिळते. कोणती भाषा बोलायची ते मिळत नाही. मराठी आईचे तान्हे बाळ कन्नड घरात वाढले तर उत्तम कन्नड बोलेल, आणि आमच्या गल्लीतली कन्नड, उर्दू, कोंकणी घरांतली मुले आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलताना मी ऐकली आहेत. शेहेचाळीस धाग्यांपैकी एकावरही मराठी लिहिलेली नाही.

हे ऐकून काहींना वाईट वाटेल. मला यात दिलासा वाटतो आणि धाकही. दिलासा हा, की भाषा कुणाच्या रक्ताची मक्तेदारी नाही. जो ती शिकेल त्याची ती. धाक हा, की नाकाचा आकार काहीही न करता पुढे जातो, भाषा तशी जात नाही. सतराव्या शतकात तंजावरला गेलेल्या मराठी घराण्यांत, इंदूर-बडोद्याच्या वाड्यांत, आमच्या बेळगावात मराठी टिकली ती पेशींनी टिकवली नाही. कुणीतरी रोज संध्याकाळी मुलाशी बोलले, शुभंकरोती म्हणून घेतली, चूक सुधारली, पत्र लिहायला बसवले. हे काम एका पिढीने थांबवले तर पुढच्या पिढीकडे जाणारा वाटा अर्धाही नसतो, शून्य असतो. दया, खरे बोलणे, दुसऱ्याला न दुखवणे, यांचेही असेच. म्हणून रक्ताचे नाव घेऊन या कामातून सुटका करून घेता येत नाही.

या दिवाळीत घरोघरी माणसे जमतील. फराळाच्या ताटांभोवती नव्या बाळाचे नाक, कपाळ, रंग यांची वाटणी होईल. ती खुशाल व्हावी. त्यात प्रेम आहे. पण नाकानंतर बोलणे दोषाकडे वळू लागले, कुणाच्या तरी सुनेकडे, कुणाच्या अपंग मुलाकडे, कुणाच्या कुळाकडे नजरा जाऊ लागल्या, तर कोपऱ्यात बसलेल्या शाळकरी मुलाकडे एकदा पाहावे. त्याने कांद्याच्या मुळातले ते धागे दोन टोकांना जाताना नुकतेच पाहिलेले असतात. त्याला बोलू द्यावे. आणि तो बोलून झाला की 'मग दोष कुणाचा?' असे विचारू नये. 'मग आता आपण काय करायचं?' असे विचारावे.